तासलेलं धनुष्य

रानडुक्कर कुंपणाच्या खिंडारातून आत शिरलं तेव्हा अजून उजेड होता. सूर्य नुकताच टेकडीआड गेला होता. मक्याची कणसं दाणा धरत होती आणि धाकटा मातीच्या ढिगाआड एक गुडघा टेकून बसला होता. त्याने बाण लावला, दोरी जबड्यापर्यंत आणली, श्वास धरला आणि सोडली. नेम चुकला नाही. बाण पुढच्या पायाच्या मागे, लागायला हवा तिथेच लागला. पण आत गेला नाही. कातड्यात बोटभर रुतला, लोंबला आणि डुकराने अंग झटकलं तसा गळून पडला.

डुक्कर मागे फिरलं नाही. बिथरून ते मक्यातून सरळ वस्तीकडे सुटलं. पहिलं घर विणकरीण काकूंचं. काकू अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या सुताच्या लडी काढत होत्या. हातातल्या लडींमुळे त्यांना समोरचं दिसलं नाही. डुक्कर त्यांच्या पायावरून गेलं आणि जाताना सुळ्याने पोटरी उभी फाडून गेलं.

धाकटा धावत पोचला तेव्हा काकू खाली बसलेल्या होत्या. दोन्ही हातांनी पोटरी आवळून धरली होती आणि बोटांमधून रक्त येत होतं. पांढऱ्या लडी रक्तात पडल्या होत्या.

"अरे, त्या उचल आधी," काकू म्हणाल्या, "डाग जायचे नाहीत."

त्याने लडी उचलल्या. पाय बांधायचं सोडून तो लडी हातात घेऊन उभा राहिला, हे त्याला नंतर आठवलं की कानशिलं तापत.

काकूंचा माग पायाने दाबायच्या पट्ट्यांवर चालायचा. जखम शिवली, पाय बांधला, आणि माग बंद पडला. धाकटा रोज सकाळी त्यांचं पाणी भरून द्यायला लागला. काकूंनी त्याला एकदाही बोल लावला नाही. "तू काय मुद्दाम केलंस का?" एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी घागर अंगावर ओतली असती तर बरं झालं असतं. मागावर अर्धवट विणलेलं कापड ताणलेलं होतं, त्यावर धूळ बसत होती, आणि पाणी ओतताना त्याची नजर नेमकी तिकडेच जायची.

राखणीची जबाबदारी लोहाराकडे होती. खिंडारालगतचं शेत त्याचंच. कुंपण कितीदा बांधलं तरी डुकरं तिथूनच उकरून यायची, म्हणून तिथे पाळीपाळीने माणूस बसवायचा. पूर्वी ती जागा थोरल्याची होती. थोरला म्हणजे धाकट्याचा सख्खा भाऊ. सुतार. दोघांची कार्यशाळा एकच. थोरल्याचं धनुष्य त्याने स्वतः घडवलेलं, ओढीला इतकं जड की दोरी अर्ध्यावर आणतानाच इतरांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. त्याचा बाण डुकरात शिरायचा आणि डुक्कर चार उड्यांत बसायचं. गेल्या वर्षी एका घराचं आढं चढवताना तुळई निसटून थोरल्याच्या उजव्या खांद्यावर आली. तेव्हापासून तो हात छातीच्या वर जात नव्हता. जागा धाकट्याकडे आली, धनुष्य मात्र त्याचं स्वतःचं होतं, हलकं, पाखरं मारायचं.

लोहाराने भात्यावर बसल्या बसल्याच निकाल लावला.

"उद्यापासून तू डबा वाजव."

"मी नेम चुकलो नव्हतो."

"मी कुठे म्हणतोय चुकलास? डुकराला मच्छर चावल्यासारखं झालं, एवढंच. बायका-पोरं डुकरं हुसकायला डबे वाजवतात त्यांच्यात उभा राहा. तिथे जोर लागत नाही."

बाकीचे हसले. वाईट हसू नव्हतं ते. त्यात सामील व्हावं असंच हसले. धाकटाही हसला, आणि घरी येईपर्यंत ते हसू त्याच्या तोंडावर वाळून गेलं.

जेवताना थोरला म्हणाला, "ओढ वाढवायला हवी तुला. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"मग दे ना तुझं."

"ते आत्ता नाही ओढणार तुला. मधल्या ओढीचं एक करून देतो. आधी निम्मी ओढायची, धरायची, सावकाश परत सोडायची. पाठीला कळायला लागलं की पूर्ण. पुढच्या पिकापर्यंत माझं हातात घेशील."

"पुढच्या पिकापर्यंत मी डबा वाजवू?"

"वाजवा की," वहिनी वाढता वाढता म्हणाल्या. "आम्ही नाही का वाजवत? तुमचा आवाज तर आमच्यापेक्षा चांगला येईल."

धाकट्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. धाकटा पानावरून उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने थोरल्याचं धनुष्य खुंटीवरून काढलं. कार्यशाळेत कोणी नव्हतं. डावा हात ताठ केला आणि दोरी ओढली. ती छातीशी यायच्या आतच थांबली, भिंतीला बांधल्यासारखी. त्याने दात आवळले, कंबर वाकवली, खांदा कानाला लावला. दोरी बोटांच्या पेरांत रुतली, डावा हात कोपरात थरथरायला लागला आणि मग सगळंच सुटलं. दोरी पुढे जाताना मनगटाच्या आतून कातडं सोलून गेली. तो रंध्याच्या ओट्यावर बसला आणि मनगट तोंडात धरलं. दारातून लोहाराची म्हातारी आई आत डोकावली, "काय रे, लागलं का?" तो म्हणाला, "रंधा लागला."

त्या आठवड्यात थोरला दारं बसवायला पलीकडच्या वस्तीत गेला. दिवसभराचं काम होतं. धाकट्याने कार्यशाळेचं दार लोटून घेतलं, धनुष्याची दोरी उतरवली आणि ते शिकंज्यात आवळून धरलं. फुटलेल्या बाटलीची काच घेतली. रंध्याने खूण राहते, काचेने राहत नाही, हे त्याला थोरल्यानेच शिकवलं होतं. पोटाकडची बाजू, म्हणजे ओढणाऱ्याकडे येते ती, त्याने मुठीपासून टोकापर्यंत खरवडायला सुरुवात केली. कागदापेक्षा पातळ कीस वळून वळून खाली पडायला लागला. थोडं वरच्या बाजूचं, तितकंच खालच्या बाजूचं. मधेच दोरी चढवायची, ओढून बघायची, दोन्ही टोकं सारखी वाकतात का पाहायचं. पुन्हा उतरवायची, पुन्हा खरवडायचं. हात सुताराचा होता, काम चांगलं होत होतं, आणि काही वेळ तर तो आपण काय करतोय हे विसरूनही गेला.

दोरी जबड्याला टेकली तेव्हा दुपार कलली होती. लाकूड ताज्या जागी पिवळं दिसत होतं. त्याने चुलीतली काजळी तेलात कालवून चोळली. वर कोरडं फडकं फिरवलं. खुंटीवर टांगलं. लांबून बघितलं. आईच्या पेटीतून काहीतरी काढून पेटी पुन्हा बंद करावी तसं त्याला वाटलं.

लोहाराच्या अंगणात त्याने थोरल्याचं धनुष्य ओढून दाखवलं. घाम फुटला, पण दोरी जबड्याला लागली. लोहाराने हातोडा खाली ठेवला.

"अरे वा! भावाचंच आहे ना हे?"

"बघ की."

लोहाराने मूठ ओळखली, मुठीवरचं चामडं ओळखलं. स्वतः ओढून काही बघितलं नाही. "मग बस जा खिंडारावर," म्हणाला. आणि जाता जाता पाठीवर थाप मारली. घरी वहिनींनी त्याला आग्रह करून वाढलं. थोरल्याने विचारलं, "खरंच पूर्ण आलं?" तो म्हणाला, "आलं." थोरला म्हणाला, "तू दिसतोस त्यापेक्षा दणकट निघालास." धाकटा पाणी प्याला.

त्या आठवड्यात डुकरं आली नाहीत. इथवर झालं असतं तर कदाचित निभावलंही असतं.

एका सकाळी धाकटा अंगणात फळ्या उन्हात लावत होता. आतून थोरल्याची हाक आली. "अगं ए! इकडे ये! लवकर!" हाक अशी होती की वहिनी पिठाच्या हातांनी धावल्या. धाकटाही मागोमाग गेला. थोरला कार्यशाळेच्या मधोमध उभा होता. तेल लावायला म्हणून त्याने धनुष्य खुंटीवरून काढलं होतं.

"बघ," थोरला म्हणाला. "काही बोलू नकोस. बघ फक्त."

त्याने धनुष्य समोर धरलं. उजवा कोपर सावकाश मागे न्यायला लागला. चेहरा वाकडा झाला, खांदा मधेच अडखळला. पण कोपर थांबला नाही. दोरी जबड्याला लागली. थोरल्याने ती तिथे धरली, तशीच सावकाश परत आणली, आणि धनुष्य छातीशी धरून खाली बसला.

"खांदा सुटला," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं ना, सुटेल कधीतरी. तू तेल लावायचीस आणि मी तुझ्यावर खेकसायचो. सुटला गं."

वहिनींनी पिठाचे हात तोंडावर घेतले. मग त्या रडायला लागल्या आणि रडता रडता हसायला लागल्या, कारण पीठ गालांना लागलं होतं आणि थोरला ते बघून मोठ्याने हसत होता. वर्षभरात त्या घरात असं हसणं झालं नव्हतं.

"भाऊजी, बघितलंत ना?" वहिनी म्हणाल्या.

"बघितलं," धाकटा म्हणाला.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण थोरला पुन्हा उठला आणि पुन्हा ओढून बघायला लागला. एखादं मूल नवीन शब्द सारखा म्हणून बघतं तसा. धाकटा बाहेर येऊन फळ्या पुन्हा लावायला लागला, लावलेल्याच.

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. वहिनींनी पाणवठ्यावर सांगितलं, काकूंच्या घरी जाऊन सांगितलं. काकूंनी बांधलेल्या पायाने उंबऱ्यापर्यंत येऊन थोरल्याला हाक मारली, "आता माझा पायही बरा होणार बघ!" थोरल्याने जड करवत उजव्या हाताने चालवली. तुळईचं एक टोक त्या खांद्यावर घेतलं. धाकटा म्हणाला, "दादा, मी घेतो ना." थोरला म्हणाला, "वर्षभर तूच घेतलंस. आता मला घेऊ दे." तुळई खाली ठेवताना त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण तो खूश होता. दोन दिवस तो असाच राबला.

तिसऱ्या दिवशी लोहाराने निरोप पाठवला. डुकरांच्या पावलांचे ठसे कुंपणाशी दिसले होते. थोरला म्हणाला, "आज मी बसतो खिंडारावर. धाकटा माझ्यासोबत येईल."

धाकटा हातपाय धुवायला मागे गेला, तिथे बायको भांडी घासत होती. तिने वर न बघता विचारलं, "तो कीस कसला होता?"

"कसला कीस?"

"दादा दारं बसवायला गेले त्या दिवशीचा. शिकंज्याखाली पडला होता. मी झाडून चुलीत घातला. मला वाटलं, दादांना विचारूनच करतोयस." तिने तवा उपडा घातला. "विचारलं नव्हतंस ना?"

त्याने हातावर पाणी ओतून घेतलं.

"ते डुकरासमोर बसणार आहेत," ती म्हणाली. "आधी सांग. तुझ्याने होत नसेल तर मी सांगते. पण मग मला तोंड दाखवू नकोस."

दोघे भाऊ मातीच्या ढिगाआड बसले. वारा त्यांच्या बाजूला येत होता. थोरल्याने बाण मांडीवर ठेवले, बोटं चोळली, खांदा फिरवून बघितला. दुखत होता, ते लपत नव्हतं.

"दादा."

"हळू बोल."

"खांदा सुटलेला नाही."

थोरल्याने मान वळवली.

"धनुष्य मी तासलंय. पोटाकडून. तू दारं बसवायला गेलास तेव्हा. मला ओढायला यावं म्हणून."

थोरल्याने अंगठा मुठीपासून वर फिरवला, मग खाली. डोळे मिटून फिरवला. बोटांना आता जे कळत होतं ते आनंदात त्याने शोधलंच नव्हतं.

"कशाने?"

"काचेने."

"दोन्ही बाजू सारख्या?"

"हो."

"काम नीट केलंस," थोरला म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "म्हणजे माझा खांदा..." आणि त्याने वाक्य तिथेच सोडलं.

तेवढ्यात कुंपणाशी माती उकरल्याचा आवाज आला. आधी एक मुस्कट, मग अख्खं डुक्कर, मोठं, मानेवरचे केस उभे. मागे दोन माद्या आणि पिल्लं. थोरल्याने बाण लावला. दोरी ताणली. धाकट्याला त्याचा श्वास ऐकू येत होता. डुक्कर आडवं उभं राहिलं, याहून चांगली संधी कधी मिळत नाही. थोरल्याने दोरी सावकाश परत आणली.

"ह्याने नाही शिरायचा," तो पुटपुटला. "बिथरलं तर पुन्हा वस्तीतच जाईल."

दोघे उठून ओरडले. पलीकडे डबे वाजायला लागले. डुकरं उधळली, पण खिंडाराकडे नाही, लोहाराच्या मक्यात. ताटं मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

लोहार धावत आला. पायात मक्याची मोडलेली पानं अडकली होती.

"समोर उभं होतं! मी तिकडून बघत होतो! का नाही सोडलास?"

धाकट्याने तोंड उघडलं. थोरला त्याच्या आधी बोलला.

"खांदा आला नाही वेळेला."

"आला नाही? मग गावभर मिरवलास कशाला? बायको तुझी पाणवठ्यावर नाचायची तेवढी राहिली होती. येत नव्हतं तर भावाला बसू द्यायचंस, तो तरी ओढतो पूर्ण!"

डबेवाल्या बायका जवळ आल्या होत्या. वहिनीही होत्या त्यांच्यात, हातात डबा. थोरला खाली मान घालून उभा राहिला. त्याने दोरी उतरवायला घेतली. उजव्या हाताला ती उतरवता येईना, म्हणून गुडघ्याखाली धरून डाव्या हाताने उतरवायला लागला. सगळे बघत होते. आणि धाकटा, ज्याने आत्ताच भावाला सगळं सांगितलं होतं, तो लोकांसमोर गप्प उभा राहिला. त्याला वाटलं, दादा बोललाच आहे, आता मी कशाला. हे मनात आलं याची त्याला पुढे जितकी लाज वाटली, तितकी काचेने तासण्याचीही वाटली नाही.

घरी वहिनींनी पाणी तापवलं. थोरला खांदा उघडा करून बसला. खांदा सुजून निळा पडला होता. तुळईने, करवतीने. वहिनी फडकं पिळून ठेवत होत्या आणि म्हणत होत्या, "होतं असं. पुन्हा सुटेल. एकदा सुटला तो पुन्हा सुटेल."

थोरला "हं" म्हणाला.

धाकटा दारात उभा होता. त्याच्या मागे बायको. तिने त्याला ढकललं नाही की काही नाही, नुसती उभी राहिली.

"वहिनी, खांदा सुटलाच नव्हता," तो म्हणाला. आणि सगळं सांगितलं.

वहिनींनी फडकं पाण्यात टाकलं.

"ते हसले तेव्हा तुम्ही समोर होतात," त्या म्हणाल्या. "माझे पिठाचे हात बघितलेत. मी सगळीकडे सांगत सुटले, तेही ऐकत होतात. तुम्ही फळ्या लावत होतात, भाऊजी."

"मी झाकलं होतं ना!" थोरला एकदम ओरडला, आणि तो वहिनींवर नाही, धाकट्यावर ओरडला. "माझं झालं होतं एकदा वाटोळं. पुरे होतं ना तेवढं! आता हिच्या डोळ्यांत ते परत बघायचं होतं का मला?"

वहिनींनी फडकं पुन्हा पिळून खांद्यावर ठेवलं.

सकाळी धाकटा लोहाराकडे गेला. भाता चालू होता, माणसं बसली होती. काकूही होत्या, काठीला टोक बसवून घ्यायला आलेल्या. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मधेच पुन्हा सुरुवात करावी लागली. लोहाराने धनुष्य मागून घेतलं, ओढलं, सहज ओढलं आणि परत दिलं. कोणी हसलं नाही. त्या दिवशी कोणी हसलं असतं तर त्याने ते आनंदाने घेतलं असतं.

"भावाला मी काय काय बोललो," लोहार म्हणाला. तो निखाऱ्यांकडे बघत होता. "जा तू."

काकूंनी काठी उचलली. त्याच्या शेजारून जाताना थांबल्या. "उद्यापासून पाणी मी दुसऱ्याकडून भरून घेईन," त्या म्हणाल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्या त्याच्यावर रागावल्या होत्या.

डुकरांच्या भीतीने मका अर्धा कच्चाच तोडून घरात आणला सगळ्यांनी. कार्यशाळेत थोरला कामापुरतं बोलायचा. पटाशी दे. तिकडून धर. गोणपाट घाल. वहिनी ताट वाढून ठेवायच्या आणि आत जायच्या. धाकटा दोघांचं जड काम एकटा ओढत होता आणि कोणी त्याला तू दमलास का म्हणून विचारत नव्हतं.

पाऊस उघडून ऊन कडक झालं होतं तेव्हाची गोष्ट. थोरला तासलेलं धनुष्य घेऊन अंगणात आला, आणि धाकट्याला त्याने हाताने बोलावलं.

"मधल्या ओढीचं करून देणार होतो," तो म्हणाला. "तूच करून ठेवलंयस. लाकूड कशाला वाया घालवू?"

धाकट्याला कळेना, हसावं की काय.

"आत करू ना सराव," तो म्हणाला. अंगण रस्त्याला लागून होतं. बायका पाण्याला जात होत्या.

"इथेच."

थोरल्याने धनुष्य धरलं. उजवा कोपर मागे न्यायला लागला. सूज उतरली होती, पण त्या दोन दिवसांच्या राबण्याने होतं तेही गेलं होतं. दोरी निम्म्यावर येऊन थांबली. दंड थरथरायला लागला, मग मान, मग हनुवटी. रस्त्यावर एक घागर थांबली. धाकट्याने मान फिरवली.

"बघ इकडे," थोरला म्हणाला. दातांमधून म्हणाला. "वळू नकोस. बघ."

त्याने बघितलं. थोरल्याने दोरी तशीच धरून ठेवली, धरवेल तेवढी. मग सावकाश परत आणली आणि धनुष्य त्याच्यापुढे केलं.

"आता तू. निम्म्याच्या पुढे नाही. हाताने ओढू नकोस."

धाकट्याने ओढलं. थोरला त्याच्या मागे गेला आणि डाव्या हाताची बोटं त्याच्या पाठीत, खांद्याच्या हाडामागे रोवली.

"इथून."

त्याने तिथून ओढलं. दोरी निम्म्यावर आली आणि हात कापायला लागले. रस्त्यावरच्या बायका अजून उभ्याच होत्या, वहिनी दारात आल्या होत्या, आणि घाम डोळ्यांत उतरत होता. भावाची बोटं पाठीत तशीच रुतलेली होती.

"धर," थोरला म्हणाला.

त्याने धरलं.